सीटीचा आकडा : अर्थ आणि अनर्थ



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा आम्ही कामगार-कायद्यांवर काही सांगावे अशी त्यांची अपेक्षा होती. तो आमचा रोजचाच विषय आहे. परंतु आम्ही त्यांना विनंती केली की, यंदा आम्हांला एका आकड्यावर बोलू द्या. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत हा आकडा आपल्या घराघरांत येऊन बसला होता. करोनाच्या तपासणीचा कागद हाती आला की वर 'पॉझिटिव्ह' लिहिलेले असे, आणि खाली कोठेतरी 'सीटी व्हॅल्यू' म्हणून एक आकडा असे. कोणाचा एकोणीस, कोणाचा सत्तावीस, कोणाचा चौतीस. गल्लीतली माणसे एकमेकांना तो आकडा विचारू लागली होती.

विषय वैद्यकाचा आहे आणि आम्ही वैद्य नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. आमचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, मागून आणलेल्या पुस्तकांवर झाले. पण आकड्यांशी आमचा संबंध जुना आहे. महागाईचा निर्देशांक, नगावरचा दर, हजेरीपट, ओव्हरटाइमचे तास, असल्या आकड्यांवरच कामगाराचे पोट चालते. त्यामुळे कोणी आकडा पुढे केला की तीन प्रश्न विचारायची आम्हांला सवय लागली आहे. आकडा कशाचा? आकडा कधीचा? आणि कोणत्या मापाने काढलेला? तीस वर्षे आम्ही हे प्रश्न मालकांना विचारले. २०२१ च्या एप्रिलमध्ये मात्र आम्ही ते विचारायला विसरलो. त्याची गोष्ट आधी सांगतो, म्हणजे हा विषय आम्ही का निवडला ते आपल्या ध्यानात येईल.

दुसरी लाट जोरात होती. आमच्याकडच्या एका कारखान्यात, नाव घेण्याचे कारण नाही, दोन कामगारांचे कागद एकाच आठवड्यात आमच्यापुढे आले. पहिला फिटर होता. ताप येऊन तेवीस दिवस झाले होते, माणूस बरा होऊन हिंडूफिरू लागला होता. पण फाटकावर त्याला सांगण्यात आले, निगेटिव्ह कागद आणल्याखेरीज आत पाऊल टाकायचे नाही. त्याने पदरचे पैसे घालून तपासणी केली. कागद आला पॉझिटिव्ह, सीटी चौतीस. मजुरी बंद. दुसरा होता पॅकिंग खात्यातला, ठेकेदाराकडचा तरुण पोरगा. आदल्या संध्याकाळपासून घसा खवखवत होता. त्याचाही कागद पॉझिटिव्ह आणि त्याचाही सीटी चौतीसच. ठेकेदाराचा मुकादम त्याला म्हणाला, "आकडा मोठा आहे, म्हणजे नावापुरताच आहे. ये कामावर."

आकडा एकच, पण एकाला त्याच्या जोरावर बाहेर ठेवले आणि दुसऱ्याला त्याच्याच जोरावर आत ओढले. इथवर दोष दुसऱ्यांचा होता. पण त्या पोराने रात्री आम्हांला फोन करून विचारले, "काका, जाऊ का?" त्याची रोजी बुडत होती. आम्ही कोठेतरी ऐकले होते की सीटी मोठा तर विषाणू थोडा. आम्ही म्हणालो, "जायला हरकत दिसत नाही." तो दोन दिवस कामावर गेला आणि तिसऱ्या दिवशी तापाने फणफणला. पुन्हा तपासणी केली तेव्हा सीटी एकोणीस. पुढल्या आठवड्यात त्याच्या खात्यातले चौघे आजारी पडले. त्यांतल्या साठीला टेकलेल्या एका गृहस्थांना अकरा दिवस प्राणवायूवर ठेवावे लागले. ते वाचले, हे आमचे नशीब. त्यांना आजार त्या पोरापासूनच लागला असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण आमचे ते वाक्य आमचेच आहे, ते आम्हांला दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही. त्यानंतर आम्ही हा आकडा समजून घ्यायला बसलो.

आता मूळ गोष्टीकडे वळू. नाकातोंडातून काडीने घेतलेल्या नमुन्यात विषाणू आहे की नाही, हे पाहायचे कसे? तो इतका सूक्ष्म आणि अनेकदा इतका थोडा, की आहे त्या स्थितीत तो हाती लागत नाही. म्हणून त्याच्या वारसाद्रव्याचा एक ठराविक तुकडा घेऊन त्याच्या नकला काढीत जायचे, इतक्या की शेवटी त्या यंत्राला दिसल्याच पाहिजेत. ही युक्ती अमेरिकेतील कॅरी मुलिस या रसायनशास्त्रज्ञाला १९८३ साली सुचली आणि १९९३ साली तिच्याबद्दल त्याला नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. तिचे नाव पीसीआर.

युक्ती ऐकायला सोपी आहे. वारसाद्रव्याची डीएनए ही दुपेडी दोरी असते. ती पंचाण्णव अंशांच्या आसपास तापवली की तिचे दोन पेड सुटे होतात. मग ती थोडी निववायची. हव्या त्या तुकड्याच्या दोन टोकांना, मुद्दाम तयार केलेले छोटे तुकडे जाऊन चिकटतात. तेथून एक विकर, म्हणजे एन्झाइम, प्रत्येक पेडासमोर नवा पेड विणीत जाते. एका दोरीच्या दोन झाल्या. पुन्हा तापवा, पुन्हा निववा, दोनाच्या चार. ही एक एक फेरी. अडचण एवढीच होती की साधे विकर त्या उष्णतेत अंड्याच्या बलकासारखे गोठून निकामी होई आणि दर फेरीला नवे घालावे लागे. ती अडचण दूर केली उकळत्या झऱ्याकाठच्या एका जिवाणूने. अमेरिकेतील यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यांत थॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांना तो सापडला होता आणि १९६९ साली त्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले होते. त्याचे विकर उष्णतेला दाद देत नाही. झऱ्यातल्या जिवाणूचा कोणाला काय उपयोग, असे त्या वेळी कोणीही विचारले असते.

करोनाच्या विषाणूचे वारसाद्रव्य डीएनए नसून आरएनए आहे. म्हणून आधी आरएनएची डीएनए प्रत काढावी लागते. ते काम करणारे विकर १९७० साली हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे शोधून काढले. आपण 'आरटी-पीसीआर' म्हणत होतो, त्यातले 'आरटी' ते हे.

आता हिशेब. सावकाराची दामदुप्पट आपल्याला ठाऊक आहे. जुन्या हिंदू कायद्याने तिला मर्यादा घातली होती की एका वेळी मागायचे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये. येथे तशी मर्यादा नाही, दर फेरीला दामदुप्पट. एका तुकड्याचे दहा फेऱ्यांत एक हजार चोवीस होतात, वीस फेऱ्यांत सुमारे साडेदहा लाख आणि तीस फेऱ्यांत सुमारे एकशे सात कोटी. प्रत्यक्षात प्रत्येक फेरीत बरोबर दुप्पट होतेच असे नाही, पण समजुतीपुरते हे धरून चालू.

नळीत दुसरीही एक योजना असते. जसजशा नकला वाढतात तसतसा तीत एक प्रकाश वाढत जातो आणि यंत्र दर फेरीला तो मोजते. फेऱ्या चालू असतानाच वाढ पाहण्याची ही रीत रसेल हिगुची व त्यांचे सहकारी यांनी १९९२-९३ च्या सुमारास पुढे आणली. आरंभीच्या फेऱ्यांत प्रकाश इतका मंद असतो की दिसत नाही. मग एका फेरीला तो आखून ठेवलेल्या रेषेच्या वर चढतो. ही रेषा म्हणजे उंबरठा. पूर्वी गिरणीचा भोंगा झाला की पाळी सुरू झाल्याचे साऱ्या वस्तीला कळे, तसे येथे उंबरठा ओलांडला की यंत्राला कळते, माल आहे. तो कितव्या फेरीला ओलांडला, तो आकडा म्हणजे सीटी, सायकल थ्रेशोल्ड. बहुतेक तपासण्यांत चाळीसच्या आसपास फेऱ्या करून थांबतात. तेवढ्यातही उंबरठा ओलांडला गेला नाही, तर कागदावर 'निगेटिव्ह' येते.

यावरून एक गोष्ट उघड होते. मुद्दल ज्याचे मोठे, तो उंबरठ्यावर लवकर पोचतो. एकाजवळ आरंभी हजार तुकडे आहेत आणि दुसऱ्याजवळ एक, तर दुसऱ्याला हजारापर्यंत यायलाच दहा फेऱ्या लागतील. म्हणून आकडा लहान तर विषाणूचा माल जास्त, आकडा मोठा तर माल कमी. वीस आणि तीस यांत फरक दहाचा दिसतो, पण तो आहे सुमारे हजारपटीचा. एका फेरीचा फरक म्हणजे दुप्पट, आणि साधारण सव्वातीन फेऱ्यांचा फरक म्हणजे दसपट.

येथेच एक घोटाळा २०२१ मध्ये झाला, तो सांगून ठेवतो. छातीचे सीटी स्कॅन काढीत, त्यावरही 'सीटी स्कोअर' म्हणून पंचवीसपैकी एक आकडा देत. तो फुप्फुसे किती बिघडली त्याचा अंदाज. तेथे आकडा मोठा तर आजार मोठा. नाव एक, कागद दोन, आणि अर्थ नेमके उलट. एका घरात तपासणीचा सीटी चोवीस म्हणून रडारड चाललेली आम्ही पाहिली आहे. त्यांना वाटले, पंचवीसपैकी चोवीस गेले!

आता आमच्या तीन प्रश्नांकडे येऊ.

पहिला प्रश्न, आकडा कशाचा? तो माणसाच्या आजाराचा नव्हे, काडीवर जे आले त्याचा. काडी नीट खोलवर फिरली नाही, नमुना वाटेत तापला, की माल कमी दिसतो आणि आकडा फुगतो. शिवाय यंत्र मोजते ते विषाणूच्या वारसाद्रव्याचे तुकडे. ते तुकडे जिवंत विषाणूचे की मेलेल्याचे, हे त्याला सांगता येत नाही. गिरणी बंद पडली तरी धुराडे बरीच वर्षे उभे असते. धुराडे दिसते म्हणून गिरणी चालू आहे, असे आपण म्हणत नाही. २०२० च्या जानेवारीत जर्मनीत म्युनिकजवळ, मोटारींचे भाग करणाऱ्या एका कंपनीशी संबंधित माणसांत ही साथ शिरली. त्यांपैकी सौम्य आजाराच्या नऊ रुग्णांचा बारकाईने अभ्यास झाला. लक्षणे सुरू झाल्यापासून आठव्या दिवसानंतर घेतलेल्या नमुन्यांतून प्रयोगशाळेत जिवंत विषाणू वाढवता आला नाही, पण पीसीआरला वारसाद्रव्य त्यानंतरही सापडत राहिले. आमच्या फिटरच्या तेविसाव्या दिवसाचा चौतीस बहुधा असाच होता, विझलेल्या गिरणीचे धुराडे. बहुधा म्हणतो, कारण ज्यांचा आजार तीव्र आहे किंवा ज्यांची प्रतिकारशक्ती खालावलेली आहे, त्यांच्यात जिवंत विषाणू याहून जास्त दिवस राहू शकतो.

दुसरा प्रश्न, आकडा कधीचा? विषाणू शरीरात शिरला की आधी थोडा असतो, मग झपाट्याने वाढतो, शिखर गाठतो आणि मग हळूहळू उतरतो. चढताना चौतीस लागतो, उतरतानाही लागतो. कल्याणला गाडी उभी आहे एवढ्यावरून ती मुंबईकडे चालली की पुण्याकडे, हे कळत नाही. आधीचे स्टेशन कोणते ते विचारावे लागते. फिटरची गाडी उतरणीची होती, पोराची चढणीची. घसा कालपासून दुखतो, हे त्याने आम्हांला फोनवर सांगितले होते. कागदावरच्या आकड्यापेक्षा ते वाक्य मोलाचे होते. आम्ही आकडा ऐकला, वाक्य ऐकले नाही.

तिसरा प्रश्न, कोणत्या मापाने? मेट्रिक वजने येण्यापूर्वी गावोगावचा शेर निराळा होता, हे वडीलधाऱ्यांकडून आपण ऐकले असेल. सीटीचे तसेच आहे. एक संच विषाणूचा एक तुकडा शोधतो, दुसरा दुसराच. नमुन्याचा किती भाग नळीत घालायचा ते निराळे, उंबरठ्याची रेषा निराळी. अमेरिकेत २०२० साली शेकडो प्रयोगशाळांना एकसारखाच नमुना पाठवून पाहिला, तेव्हा निरनिराळ्या पद्धतींच्या मधल्या आकड्यांत चौदा फेऱ्यांपर्यंत अंतर निघाले. चौदा फेऱ्या म्हणजे दामदुपटीच्या हिशेबाने सोळा हजार पट! माल तोच, शेर निराळे. एचआयव्हीच्या रुग्णाला रक्ताच्या एका मिलिलिटरमागे विषाणूच्या किती प्रती, असा आकडा देतात. तेथे ज्ञात संख्येच्या नमुन्यांशी ताडून तो काढलेला असतो, म्हणून त्यावर उपचार ठरवता येतात. करोनाच्या कागदावरचा सीटी बहुधा असा ताडलेला नव्हता.

हे सारे त्या काळी कोणाला ठाऊकच नव्हते, अशातला भाग नाही. सीटीच्या आकड्यावरून आजाराची तीव्रता वा संसर्गक्षमता ठरवू नये, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० सालीच सांगितले होते. पुढे २०२१ मध्ये आपल्या महाराष्ट्र शासनाने विचारले की चोवीसपर्यंतचाच सीटी पॉझिटिव्ह धरला तर चालेल काय? परिषदेने उत्तर दिले, तसे करू नये, त्याने अनेक संसर्गजन्य रुग्ण निसटतील; पस्तीसपर्यंत पॉझिटिव्हच धरावे. त्या पॅकिंगमधल्या पोराकडे पाहिले की या उत्तराचे मर्म कळते. चोवीसची रेष असती तर त्याला त्या दिवशी 'निगेटिव्ह' म्हणून शिक्का मारून कामावर पाठवले असते. मुकादमाने आणि आम्ही जे चुकून केले, ते नियमाने झाले असते.

फिटरच्या बाबतीत तर नियम त्याच्याच बाजूचा होता. केंद्र सरकारच्या ८ मे २०२० च्या धोरणाप्रमाणे सौम्य आजाराच्या रुग्णाला लक्षणे सुरू झाल्यापासून दहा दिवसांनी, तीन दिवस ताप नसल्यास, पुन्हा तपासणी न करता घरी सोडायचे होते. पुढे आणखी सात दिवस घरी वेगळे राहायचे. दहा आणि सात सतरा. तो तेविसाव्या दिवशी फाटकावर उभा होता. म्हणजे त्याच्याकडे मागितलेला कागद आरोग्यखात्याने मागितलेलाच नव्हता. आम्ही ते धोरण छापून फाटकावर घेऊन गेलो, तेव्हा तो आत गेला. नऊ दिवसांच्या बुडालेल्या मजुरीपैकी सहा दिवस रजेत धरले, तीन बुडाले ते बुडालेच.

मग हा आकडा निरुपयोगी आहे काय? मुळीच नव्हे. एकाच प्रयोगशाळेत, एकाच यंत्रावर, जाणत्या माणसाच्या हाती तो कामाचा आहे. विषाणूच्या जनुकक्रमाच्या तपासणीसाठी भरपूर माल असलेले नमुने त्याच्यावरूनच निवडता येतात. कागद आणि रोग्याची स्थिती जुळत नसेल, तर नमुना पुन्हा घ्यावा काय, हेही तो सुचवतो. आणखी एक गोष्ट तर आम्हां युनियनवाल्यांना फारच भावली. अमेरिकेतील काही संशोधकांनी २०२१ साली दाखवून दिले की, एका ठिकाणच्या पुष्कळ लोकांचे सीटी एकत्र पाहिले तर साथ चढते आहे की उतरते आहे याचा अंदाज बांधता येतो. कारण साधे आहे. साथ वाढत असताना सापडणाऱ्यांत नुकतेच लागण झालेले अधिक असतात, त्यांच्यामुळे आकडे लहान दिसतात. साथ ओसरताना जुन्या लागणीचे अधिक, म्हणून आकडे मोठे. एकट्याचा आकडा जे सांगू शकत नाही, ते शंभरांचे आकडे मिळून सांगतात.

मंडळी, साथी पुन्हा येतील. त्या वेळी नवा आजार असेल, नवी तपासणी असेल आणि कागदावर कसला तरी नवा आकडा असेल. यंत्र खोटे बोलले, असे आम्ही म्हणत नाही. त्या दोन्ही कागदांवरचा चौतीस खरा होता. चूक झाली ती वाचणाऱ्यांची, आणि एका वेळी वाचणारे आम्ही होतो. म्हणून आपल्याला एवढेच सांगणे आहे. कागदावर 'आहे' की 'नाही' ते पाहा आणि 'आहे' असेल तर आकडा कितीही मोठा असो, 'आहे'च समजा. लक्षणे कोणत्या दिवशी सुरू झाली ती तारीख लिहून ठेवा आणि आकड्याबरोबर ती डॉक्टरांपुढे ठेवा. आणि कोणी आकडा पुढे करून तुमची रोजी बंद करू लागला किंवा तुम्हांला आजारी अंगाने कामावर ओढू लागला, तर त्याला आमचे तीन प्रश्न विचारा. कशाचा, कधीचा, कोणत्या मापाने?

तो पोरगा आता दुसऱ्या कारखान्यात कायम झाला आहे. मध्यंतरी भेटला तेव्हा आम्ही त्याला म्हणालो, "त्या रात्री आमचे चुकले." तो म्हणाला, "काका, मला तर जायचेच होते. नाही म्हणाला असतात तर दोन दिवसांचे पैसे कोण देणार होते?" याचे उत्तर कोणत्याही प्रयोगशाळेकडे नाही, ते आपण सर्वांनी मिळून द्यायचे आहे. आजारी माणसाला पगारी रजा मिळाली असती, तर त्या रात्री त्याने आम्हांला फोनच केला नसता.